वजन उतरविताना दही कोणते घ्यावे?

आपल्या आहारातील ज्या वस्तूंना घरोघर मान आहे, त्यांत दह्याचे स्थान फार वरचे आहे. परगावी निघालेल्याच्या हातावर दही ठेवतात, परीक्षेस निघालेल्या मुलास दहीसाखर देतात, गोपाळकाला दह्यावाचून होत नाही, आणि पंक्तीत मठ्ठा फिरला नाही तर जेवणाराला जेवल्यासारखे वाटत नाही. आपली सिंदी तर गुराढोरांवर माया करणारी. वर्ध्याजवळील सिंदी (मेघे) हिच्याहून ओळख वेगळी राहावी म्हणून आपल्या गावाच्या नावापुढे कंसात ‘रेल्वे’ लागते खरे. पण विदर्भात गावाचे नाव निघते ते तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदींवरून. ज्या गावची मुले लाकडाच्या बैलासही सजवून मिरवितात, त्या गावास दूधदुभत्याची थोरवी निराळी सांगावयास नको.

असे असूनही ह्याच दह्याविषयी हल्ली पुष्कळ घरांत घोटाळा होऊ लागला आहे. वडिलांचे पोट सुटलेले असते, आईचे गुडघे दुखू लागतात, रक्तातील साखर वाढते, आणि डॉक्टर वजन उतरविण्यास सांगतात. त्याबरोबर घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, दही स्निग्ध, सबब ते आजपासून बंद. दुसरा पक्ष म्हणतो, दुकानात ‘योगर्ट’ नावाचे हलके दही मिळते, त्याचे रंगीत डबे आणा आणि हवे तितके खा. पहिला पक्ष एका उत्तम अन्नास मुकतो. दुसरा पैशांस मुकतो आणि बहुधा वजनही उतरवीत नाही. खरी गोष्ट ह्या दोहोंच्या मधली आहे. दही जड की हलके, हे त्याच्या नावावर किंवा डब्यावरील चित्रावर ठरत नाही. ते कोणत्या दुधाचे केले आणि त्यात साखर किती घातली, ह्या दोनच गोष्टींवर ते ठरते. ह्या लेखात तेवढेच स्पष्ट करून सांगण्याचा विचार आहे.

हा विषय थोड्या श्रीमंतांचा आहे असे कोणी समजू नये. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील शंभर प्रौढ स्त्रियांपैकी २४ व शंभर पुरुषांपैकी सुमारे २३ जणांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. वाढलेल्या वजनामागून मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार येतात, आणि घरातील कर्ता माणूस अंथरुणास खिळला म्हणजे मुलांच्या शिक्षणावरही त्याची आच येते. तेव्हा हा प्रश्न विद्यार्थी व पालक ह्या दोघांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

प्रथम उष्मांक म्हणजे काय ते पाहू. चुलीत सरपण जळते तेव्हा उष्णता निघते. त्याचप्रमाणे शरीरात अन्नाचे ज्वलन होऊन शक्ती निर्माण होते. ती मोजण्याचे माप म्हणजे उष्मांक, ज्याला आपण बोलताना कॅलरी म्हणतो. एक ग्रॅम प्रथिनापासून सुमारे ४ उष्मांक मिळतात, एक ग्रॅम साखरेपासून किंवा पिठूळ पदार्थापासूनही तितकेच मिळतात. परंतु एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून, म्हणजे तूप, तेल, साय यांपासून, सुमारे ९ मिळतात. दिवसभरात जितके उष्मांक खर्च होतात त्याहून अधिक पोटात गेले, तर उरलेले शरीर चरबीच्या रूपाने साठवून ठेवते. कमी गेले तर साठ्यातून काढून वापरते. वजन उतरविण्याच्या साऱ्या योजना, त्यांची नावे काहीही असोत, अखेर ह्याच हिशेबावर उभ्या असतात. जमाखर्चाची वही ज्याला वाचता येते, त्याला हा हिशेब अवघड नाही.

आता दही कसे होते ते पाहू. दुधात दुग्धशर्करा नावाची साखर असते. कोमट दुधात विरजण घातले म्हणजे विरजणातील असंख्य सूक्ष्म जंतू त्या साखरेचा काही भाग खाऊन तिचे आम्ल बनवितात. त्या आम्लाने दुधातील प्रथिने गोठतात आणि दूध घट्ट बसते. १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव्ह ह्या बल्गेरियन तरुणाने आपल्या देशाच्या आंबट दुधातील एक जंतू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला, आणि पुढे रशियन शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह याने अशा दुधाचा दीर्घायुष्याशी संबंध जोडल्यामुळे साऱ्या युरोपचे लक्ष दह्याकडे वळले. ‘योगर्ट’ हा शब्द मूळचा तुर्की. आज योगर्ट म्हणून जे विकतात ते दोन ठराविक जातींच्या जंतूंनी लाविलेले दही होय; आपल्या घरच्या विरजणात अनेक जातींचे जंतू मिसळलेले असतात. चवीत व घट्टपणात ह्यामुळे फरक पडतो. उष्मांकांत मात्र म्हणण्यासारखा पडत नाही.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी पक्की ध्यानात ठेवावी. जंतू साखर खातात, तीही थोडीच. ते स्निग्धांश खात नाहीत. दुधात जेवढी साय होती तेवढी दह्यात तशीच राहते. ‘दही आंबट झाले, आता ते हलके झाले’ अशी जी समजूत आहे ती खरी नव्हे. म्हशीच्या निरशा दुधाचे दही कितीही आंबले तरी जडच राहणार. दह्याचा स्वभाव दुधाच्या स्वभावावर जातो. खाण तशी माती, असे म्हणतात ते येथे अक्षरशः लागू पडते.

मग दूध कोणते घ्यावे? आपल्या भागातील नागपुरी म्हशीचे दूध मोठे दाट. शंभर ग्रॅमात सात ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक स्निग्धांश. आर्वी, आष्टी, कारंजा ह्या बाजूस प्रसिद्ध असलेली गवळाऊ गाय किंवा दुसरी कोणतीही गाय घेतली, तर गाईच्या दुधात तो सामान्यतः चार ग्रॅमांच्या आसपास असतो. पिशवीतून येणाऱ्या दुधाची प्रमाणे कायद्याने बांधलेली आहेत. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के, टोन्ड दुधात ३ टक्के, डबल टोन्ड दुधात दीड टक्का, आणि स्किम्ड म्हणजे साय पूर्ण काढलेल्या दुधात जास्तीत जास्त अर्धा टक्का स्निग्धांश असतो. प्रथिने मात्र ह्या सर्वांत जवळजवळ सारखीच, म्हणजे शंभर ग्रॅमात तीन ते चार ग्रॅम, आणि दुधाची स्वतःची साखर साडेचार ग्रॅमांच्या आसपास असते.

एवढी माहिती हाती असली म्हणजे उष्मांकांचा ठोकळ हिशेब कोणत्याही विद्यार्थ्याला मांडता येईल. म्हशीच्या दुधाच्या शंभर ग्रॅम दह्यात स्निग्धांशाचे ७ गुणिले ९ म्हणजे ६३, प्रथिनांचे १६ व साखरेचे १८, मिळून ९७ उष्मांक झाले. गाईच्या दुधाच्या दह्यात त्याच रीतीने ६७ च्या आसपास येतात, टोन्ड दुधाच्या दह्यात ५७, डबल टोन्ड दुधाच्या दह्यात ४५ आणि स्किम्ड दुधाच्या दह्यात ३५. म्हणजे पहिल्या व शेवटच्या दह्यात जवळजवळ तिपटीचे अंतर आहे. दोहोंचे नाव दहीच, रंगही बहुतेक तोच, शिवाय अंगास बळ देणारी प्रथिने व हाडांस हवा असणारा चुना दोहोंत सारखेच. अंतर आहे ते केवळ सायीचे.

टोन्ड दुधाची जन्मकथा येथे सांगण्याजोगी आहे. दारा खुरोडी हे मुंबईच्या दूधखात्याचे एक कर्तबगार अधिकारी. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईत दुधाची मोठी टंचाई होती आणि जे मिळे ते गरिबाच्या आवाक्याबाहेर असे. म्हशीच्या दाट दुधात पाणी व साय काढलेल्या दुधाची भुकटी प्रमाणशीर मिसळली, तर स्निग्धांश उतरतो, प्रथिने कायम राहतात, आणि एका शेराच्या ठिकाणी दोन शेर पौष्टिक दूध स्वस्त दराने देता येते, ही युक्ती १९४६ च्या सुमारास त्यांनी अमलात आणिली. पुढे १९६३ साली त्यांस वर्गीस कुरियन व त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मौज अशी की, जे दूध उपाशी मुलांच्या पोटात चार घोट अधिक जावेत म्हणून निर्माण झाले, तेच आज अति जेवणाऱ्यांचे वजन उतरविण्यास उपयोगी पडत आहे.

साय काढलेले दूध म्हणजे निःसत्त्व, ते भिकाऱ्याला द्यावयाचे, अशी एक समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. ही समजूत दूर करण्याचा प्रयत्न करणाऱ्यांत आपल्याच जिल्ह्यातील एका थोर रहिवाशाचे नाव येते. महात्मा गांधी १९३६ साली शेगावी, म्हणजे ज्याला पुढे सेवाग्राम हे नाव पडले तेथे, राहावयास आले. आहाराचे प्रयोग त्यांनी जन्मभर केले. १९४२ साली पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले, त्यात ह्या दुधाविषयी मुद्दाम मजकूर आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, साय काढलेले दूध हे फार उपयुक्त अन्न असून काही वेळा ते निरशा दुधाहूनही अधिक उपयोगी पडते. कारण दुधाचे मुख्य काम शरीराची झीज भरून काढणारी प्रथिने पुरविणे हे आहे, आणि साय काढल्याने प्रथिनांस काहीच धक्का लागत नाही. आजचे आहारशास्त्रही ह्याहून वेगळे सांगत नाही. त्यात एवढीच भर घालावी की, सायीबरोबर ‘अ’ व ‘ड’ ही जीवनसत्त्वेही निघून जातात. म्हणून पिशवीच्या पुष्कळ दुधांत ती वरून मिसळतात. आहारात पालेभाज्या, गाजर, पपई असली आणि अंगावर थोडे ऊन पडत असले, तर प्रौढ माणसास ह्याची फारशी चिंता करण्याचे कारण नाही.

घरी हलके दही लावावयाचे असल्यास रीत सोपी आहे. डबल टोन्ड दूध मिळत असेल तर ते आणावे. घरचे किंवा गवळ्याचे दूध असेल तर ते उकळून, निववून, रात्रभर थंड जागी ठेवावे आणि सकाळी वरची सगळी साय काढून घ्यावी. पुन्हा एकदा तापवून तीच क्रिया केली म्हणजे आणखी साय निघते. ह्या घरगुती रीतीने दूध यंत्रावर काढलेल्या स्किम्ड दुधाइतके हलके होत नाही. पण भार पुष्कळ उतरतो. नंतर बोटाला सोसेल इतके कोमट करून त्यात चमचाभर विरजण ढवळावे. वर्ध्याकडच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांकडे धावू लागला म्हणजे, चार-पाच तासांत दही लागते आणि लगेच आंबू लागते. तेव्हा ते लागताच थंड जागी ठेवावे. थंडीत भांडे कपड्यात गुंडाळून ठेवावे. सायीवाचून दही थोडे पातळ लागते. ते घट्ट हवे असल्यास लिटरभर दुधात दोन चमचे स्किम्ड दुधाची भुकटी मिसळावी, किंवा मातीच्या गाडग्यात दही लावावे, म्हणजे गाडगे थोडे पाणी शोषून घेते. वर सुटलेली निवळ फेकू नये. तिच्यात प्रथिने व क्षार असतात, तिने कणीक भिजवावी.

एक सावधगिरी येथे सांगितलीच पाहिजे. काढलेल्या सायीचे तूप कढवून तेच वजन उतरविणाऱ्याच्या पोळीवर वाढले, तर एका हाताने उतरविलेले ओझे दुसऱ्या हाताने चढविल्यासारखे होईल. ते तूप वाढत्या वयाच्या मुलांच्या पानात जावे.

आता साखरेकडे वळू. पुष्कळांचा हिशेब येथेच चुकतो. चहाच्या एका चमच्यात सुमारे ५ ग्रॅम साखर मावते, म्हणजे २० उष्मांक. दीडशे ग्रॅमांची वाटीभर स्किम्ड दुधाचे दही सुमारे ५२ उष्मांकांचे. त्यात दोन चमचे साखर घातली की ते ९२ झाले. तीन घातली की ११२. गाईच्या दुधाचे तितकेच साधे दही घेतले असते तर शंभरच झाले असते. म्हणजे सायीपुरती काटकसर केली आणि साखरेत ती सारी उधळली. श्रीखंडाची गोष्ट तर उघड आहे. चक्क्याइतकीच साखर घातली, तर शंभर ग्रॅम श्रीखंडात पन्नास ग्रॅम साखर आणि तिचे एकटीचे २०० उष्मांक होतात. श्रीखंड सणाला खावे, थोडे खावे, आनंदाने खावे; परंतु ‘दह्याचेच तर आहे’ असे म्हणून ते रोजच्या हिशेबात दडवू नये.

दुकानातील डबा घेताना ह्याच दृष्टीने त्याची परीक्षा करावी. डब्याची पुढची बाजू विक्रेत्याची असते, मागची बाजू ग्राहकाची. पुढे फळांची चित्रे व मोठमोठी अक्षरे असतात. मागे बारीक अक्षरांत कायद्याने छापावयास लाविलेला तपशील असतो. त्यातील चार ओळी वाचाव्यात. पहिली ओळ उष्मांकांची. ती शंभर ग्रॅमची आहे की संपूर्ण डब्याची, हे आधी पाहावे, म्हणजे दोन डब्यांची तुलना बरोबर होते. दुसरी ओळ स्निग्धांशाची. तिसरी एकूण साखरेची आणि तिच्याखाली वरून घातलेल्या साखरेची. साध्या दह्यात दुधाची स्वतःची साखर चार-साडेचार ग्रॅम असतेच. तिला दोष देऊ नये. पण शंभर ग्रॅमात एकूण साखर १४ ग्रॅम दिसली, तर त्यातील सुमारे साडेनऊ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन चमचे, वरून आलेली आहे असे समजावे. चौथी ओळ प्रथिनांची. ती जितकी मोठी तितकी चांगली. शिवाय घटकांची यादी पाहावी. यादीत जो पदार्थ वजनाने सर्वांत अधिक तो पहिला लिहितात. दुधामागोमाग साखरेचे नाव आले, की त्या डब्यास मिठाई समजावे. ‘आंबा’, ‘स्ट्रॉबेरी’ ह्या नावांच्या डब्यांतून फळ किती व साखर किती, हेही ह्याच यादीवरून कळते.

‘लो फॅट’ ह्या शब्दांचा अर्थही नीट समजून घ्यावा. आपल्या देशाच्या नियमांप्रमाणे शंभर ग्रॅम घन पदार्थात ३ ग्रॅमांपर्यंत स्निग्धांश असला तरी तसे म्हणता येते. म्हणजे साध्या टोन्ड दुधाचे दहीही त्या मर्यादेत येऊ शकते. त्यात नवलाचे काही नाही. उलट ‘कमी उष्मांकांचे’ असे म्हणावयाचे तर शंभर ग्रॅममागे ४० उष्मांकांहून अधिक असता कामा नये. वर मांडलेल्या हिशेबाने पाहिले, तर ह्या काट्यास उतरणारे दही म्हणजे स्किम्ड दुधाचे, साखरेवाचूनचे, साधे दही. ‘लो फॅट’ हे स्निग्धांशाविषयीचे विधान आहे, साखरेविषयीचे नव्हे, हा भेद ज्याने ओळखला तो सहसा फसत नाही.

‘ग्रीक योगर्ट’ नावाचा एक महाग प्रकार हल्ली शहरांतून मिळतो. नाव परके असले तरी वस्तू ओळखीची आहे; ते आपल्या चक्क्याचेच भावंड. दही फडक्यात बांधून टांगले की पाणी व त्याबरोबर काही साखर गळून जाते, आणि उरलेल्यात प्रथिनांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. अशा दह्याने भूक लवकर भागते आणि पुष्कळ वेळ लागत नाही. वजन उतरविणाऱ्यास हा मोठा लाभ होय. कारण योजना मोडते ती बहुधा चार वाजताच्या भुकेने. मात्र पाणी गळाले म्हणजे स्निग्धांशही दाट होतो, हे विसरू नये. म्हणून चक्का करावयाचा तो सायविरहित दुधाच्या दह्याचा. त्यात काकडी, मुळा, भाजलेले जिरे घालून भाकरीबरोबर खाल्ला, तर पैशांत किंवा गुणांत दुकानातील डब्यास तो हार जाणार नाही.

आणि ज्याला सर्वांत हलके हवे त्याने ताक घ्यावे. जुन्या घरांत रवीने दही घुसळून लोणी काढीत आणि उरलेले ताक शेजारीपाजारी वाटीत. बाजारात किंमत लोण्याला होती. ताक हे मागून आणण्याची वस्तू होती. म्हणूनच ताकाला जाऊन भांडे लपवू नये, अशी म्हण पडली. आज वजनाच्या दृष्टीने पाहता, ज्याला किंमत नव्हती तेच घरात ठेवण्यासारखे झाले आहे. लोणी निघून गेलेले व पाणी घालून पातळ केलेले पेलाभर ताक म्हणजे थोडेच उष्मांक, आणि तहान, पचन व तृप्ती ह्या तिन्हींची सोय. पण ताक आणि पातळ केलेले दही ह्यांत फरक आहे. सायीच्या दह्यात पाणी घालून नुसते ढवळले तर लोणी त्यातच राहते. पेला पातळ दिसतो, हिशेब मात्र दह्याचाच होतो. रक्तदाबाचा विकार असणाऱ्याने ताकात मीठ बेताचे घालावे, हेही सांगितले पाहिजे.

आता विचारी वाचक विचारील, एवढ्या खटाटोपाने वजन उतरते तरी किती? त्याचाही हिशेब मांडू. दिवसाला म्हशीच्या दुधाचे दोन वाट्या दही खाणाऱ्याने तेवढेच डबल टोन्ड दुधाचे दही घेतले, तर रोज सुमारे १५० उष्मांक वाचतात, म्हणजे जवळजवळ दोन पोळ्यांचे. महिन्याचे साडेचार हजार झाले. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. तेव्हा दुसरे काहीही न वाढविता ही एकच अदलाबदल पाळली, तर महिन्याला अर्ध्या किलोच्या आसपास उतार कागदावर येतो. प्रत्यक्षात तो थोडा कमी पडेल, कारण शरीर स्वतःच हळूहळू काटकसर शिकते. हा आकडा लहान दिसतो. परंतु उपाशी न राहता, कोणतेही औषध न घेता, दही न सोडता मिळालेला हा लाभ आहे. मात्र ‘अदलाबदल’ हा शब्द नीट वाचावा. रोजच्या जेवणावर आणखी दोन वाट्या हलके दही चढविले, तर वजन उतरणार नाही, वाढेल. दही चरबी जाळीत नाही. ते दुसऱ्या जड पदार्थाची जागा घेते तेव्हाच त्याचा उपयोग होतो. दुपारच्या भज्यांच्या जागी ताक, लोणच्यातेलाच्या जागी काकडीचे दही, गोडाच्या जागी फळ घातलेले साधे दही. अशी जागा बदलली तरच योजना पुढे सरकते. तिच्या जोडीला रोजचे चालणे हवे, हे सांगावयास नको.

शेवटचा मुद्दा विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. वर जे लिहिले ते प्रौढांसाठी. वाढत्या वयाच्या मुलामुलींनी आरशात पाहून स्वतःच्या मनाने वजन उतरविण्याच्या योजना आखू नयेत. त्या वयात हाडे लांबत असतात, स्नायू भरत असतात, आणि ह्या बांधकामास अन्न लागते. प्रौढांच्या वजनाचे कोष्टक मुलांस लागू पडत नाही. त्यांचे वजन वय व उंची यांच्याशी ताडून डॉक्टरांनीच पाहावयाचे असते. आपल्या जिल्ह्यात आजही जड मुलांच्या शेजारच्या बाकावर अशक्त मुले बसतात. त्यांच्या वाटीत सायीचेच दही पडले पाहिजे. दोन वर्षांखालील बालकास तर साय काढलेले दूध नेहमीचे म्हणून देऊच नये. गरोदर स्त्रिया, मधुमेहाचे औषध घेणारे आणि मूत्रपिंडाचा विकार असलेले यांनीही आहारात मोठा फेरबदल करण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. एका घरात, एकाच पंक्तीस, बापासाठी ताक व लेकीसाठी सायीचे दही वाढावे लागले, तर त्यात पंक्तिप्रपंच नाही. ज्याला जे पथ्य ते देणे हीच खरी समता होय.

तसेच वर्गातील एखाद्या स्थूल सोबत्यास नावे ठेवणे हे दुष्टपणाचे आहे. वजन हे पुष्कळदा घरचा आहार, आजार, शरीराची ठेवण अशा अनेक कारणांनी वाढते. थट्टेने ते एक तोळाही उतरत नाही. थट्टेने मूल खेळाच्या मैदानापासून दूर पळते, आणि त्याने वजन आणखी वाढते. अशा सोबत्यास हात धरून खेळावयास नेणारा विद्यार्थी त्याचे जे हित करील, ते दुकानातील कोणताही डबा करणार नाही.

तात्पर्य, दही सोडण्याचे कारण नाही आणि महाग दह्यामागे धावण्याचेही कारण नाही. दूध बेताच्या स्निग्धांशाचे, विरजण घरचे, साखर नाही किंवा नावापुरती, वाटी एक, आणि डबा आणलाच तर त्याची मागची बाजू आधी, एवढे नियम पुरेत. ते पाळण्यास पैसा लागत नाही. वाचता आले पाहिजे, थोडे गणित आले पाहिजे, आणि जिभेला आवर पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी शाळेत शिकविल्या जातात. ह्या वर्षी ज्या विद्यार्थ्यांस दशांश व गुणाकार चांगले येऊ लागले असतील, त्यांनी आपल्या घरच्या दह्याचा हिशेब एकदा मांडून आईवडिलांस दाखवावा. तिसरी गोष्ट मात्र ज्याची त्याने, रोजच्या पानावर बसून शिकावयाची असते.